परसदार नसलेलें घर

परदेशांतून परत आलेल्या मनुष्यास आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, 'जेवणाचे हाल झाले का?' आणि दुसरा, 'काय काय पाहिलें?' आम्ही २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेच्या रॉकी पर्वतांतील तीन राष्ट्रीय उद्यानें पाहून आलों, तेव्हांपासून या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें आम्हीं पुष्कळ वेळां दिलीं आहेत. परंतु त्या प्रवासांत जें आम्हांस खरोखर शिकावयास मिळालें, त्याविषयीं कोणींच विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें तरी चारचौघांत सांगण्यास आम्हीं संकोचच केला असता. तो संकोच बाजूस ठेवून तेंच आज लिहावें असें योजिलें आहे. विषय थोडा अमंगळ आहे. सोंवळ्यांत वाचावयाचा नव्हे. वाचकांनीं क्षमा करावी.

आम्ही एकंदर पांच जण होतों. आम्ही व सौभाग्यवती. आमचे शाळासोबती इंजिनियर, जे १९८० च्या सुमारास अमेरिकेंत जाऊन तिकडेच स्थायिक झाले, ते व वहिनी. आणि तिसरे शाळासोबती वकील. वकिलांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वीं दीर्घ आजारानें निवर्तल्या व तेव्हांपासून वकील घराबाहेर पडेनासे झाले होते. 'आपण तिघे एका बाकावर बसत होतों. गुडघे चालतात तोंवर एकदां एका गाडींत बसूं,' असें इंजिनियरांनीं कळविलें, आणि आम्हीं वकिलांस जवळजवळ ओढूनच विमानांत बसविलें.

ती 'एक गाडी' म्हणजे काय हें आम्हांस सॉल्ट लेक सिटी शहरीं पोहोंचल्यावर कळलें. तिकडे या वाहनास 'आर. व्ही.' असें म्हणतात; आम्हीं आमच्या संस्कृताच्या संवयीप्रमाणें त्याचें 'गृहरथ' असें बारसें केलें. लांबी अठ्ठावीस फूट. आंत दोन-तीन चुलींची शेगडी, शीतकपाट, रात्रीं ज्याची शय्या होते असें जेवणाचें मेज, मागच्या बाजूस एक पलंग, सारथ्याच्या डोक्यावर शिडीनें चढून जावयाचा एक माळा, आणि कपाटाएवढ्या जागेंत स्नानगृह व शौचकूप. हा रथ हांकण्यास तिकडे मोटारीचा साधा परवाना पुरतो.

गृहरथाच्या पोटांत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी स्नानाच्या व भांडीं घासण्याच्या सांडपाण्याची. तिला 'करडी' म्हणतात. तिसरी शौचकूपाची, ती 'काळी'. भिंतीवर एक पट्टी असून कोणती टाकी किती भरली हें तीवरील लहान दिवे सांगतात. घरास पुढील दार होतें, खिडक्या होत्या, छपरास झरोकाही होता. फक्त परसदार नव्हतें. याचा अर्थ आम्हांस तिसऱ्या दिवशीं समजला.

पहिले दोन दिवस ग्रँड टीटनच्या उद्यानांत गेले. डोंगर म्हटला कीं आधीं पायथ्याच्या टेकड्या, मग चढ, मग शिखर, असा आपला सह्याद्रीचा अनुभव. येथें तसें कांहींच नाहीं. भूपृष्ठास पडलेल्या एका मोठ्या भेगेच्या एका अंगानें जमीन वर उचलली गेली व दुसऱ्या अंगानें खालीं खचली. त्यामुळें सपाट कुरणांतून हा पर्वत भिंतीसारखा एकदम उठतो. सर्वांत उंच शिखर १३,७७५ फूट. म्हणजे पायथ्याच्या खोऱ्यापासून सुमारें सात हजार फूट. या खोऱ्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. धाकट्या जॉन रॉकफेलर या धनिकानें १९२७ नंतर आपलें नांव गुप्त ठेवून एका कंपनीमार्फत तेथील जमीन हळूहळू विकत घेतली आणि १९४९ सालीं सुमारें ३३ हजार एकर सरकारच्या स्वाधीन केली. पुढल्याच वर्षीं ती उद्यानांत सामील झाली. सोडून देण्यासाठींच गोळा करणारा मनुष्य विरळा. आम्ही सारे त्या दोन दिवसांत त्यागाविषयीं पुष्कळ बोललों. टाकण्याविषयीं मात्र कोणीं बोललें नाहीं. आणि त्याग वेगळा व टाकणें वेगळें, हें लौकरच दिसून यावयाचें होतें.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं यलोस्टोनमध्यें प्रवेश केला. १ मार्च १८७२ रोजीं स्थापन झालेलें हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. क्षेत्रफळ सुमारें नऊ हजार चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडें कमी. त्याच्या खालीं एक प्रचंड ज्वालामुखी निजलेला आहे. त्याच्या आंचेनें उकळते झरे, चिखलाचीं कुंडें व वाफेचीं विवरें मिळून दहा हजारांहून अधिक ठिकाणीं भूमि श्वास घेते, आणि जगांतील उष्णोदकाच्या कारंज्यांपैकीं जवळजवळ निम्मीं या एका उद्यानांत आहेत. उंची इतकी कीं तेथें पाणी ९२-९३ अंशांवरच उकळतें. उघड्या पातेल्यांत वरण शिजेना. सौभाग्यवतींनीं पुण्याहून कुकर आणला होता. त्याची आम्हीं विमानतळावर थट्टा केली होती. ती थट्टा त्या सायंकाळीं आम्हांस वरणाबरोबर गिळावी लागली.

मुक्काम सरोवराजवळ 'फिशिंग ब्रिज' येथें होता. अस्वलांच्या भयास्तव तेथें कापडी तंबूस मनाई असून भक्कम भिंतींच्या वाहनांसच जागा मिळते. प्रत्येक जागेपाशीं विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि जमिनींत मैलापाण्याचें एक झांकणबंद तोंड. जेवणें आटोपलीं आणि वहिनींनीं भिंतीकडे बोट दाखविलें. काळ्या टाकीचे सर्व दिवे लागले होते.

हें काम इंजिनियर करीत. परंतु त्याच सकाळीं पाण्याचा डबा उचलतांना त्यांची कंबर धरली होती व ते आडवे पडून होते. तेथूनच त्यांनीं कृति सांगितली : हातमोजे घालावे, गाडीच्या पोटास जाड नळी जोडावी, दुसरें टोंक जमिनींतील तोंडांत घट्ट बसवावें, आधीं काळ्या टाकीची खीळ ओढावी, ती रिकामी झाल्यावर करडीची, म्हणजे साबणाच्या पाण्यानें नळी आपोआप धुऊन निघते.

वकील म्हणाले, "कोणाला तरी दहा डॉलर देऊं. मी देतों."

इंजिनियर हंसले. "अरे, येथें तें करणारा कोणी नसतो. घाण आपली, हात आपले."

"मग मास्तर बघेल," असें म्हणून वकील सरोवराकडे फिरावयास निघून गेले. आम्हीं त्यांच्या पाठीमागून एक कठोर वाक्य फेंकलें. तें येथें लिहीत नाहीं. त्यांत आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवावर जगण्याचा उल्लेख होता, एवढें सांगितलें तरी पुरे.

वाक्य त्यांस लागलें. परंतु हातमोजे घेऊन उभें राहिल्यावर तें आम्हांसच अधिक लागूं होतें असें दिसून आलें. कृष्णाकांठच्या ज्या गांवीं आमचें बाळपण गेलें, तेथील वाड्याच्या मागें एक बोळ होता. परसांत टोपलीचा संडास. रोज सकाळीं एक बाई त्या बोळांतून येई, टोपली रिकामी करी व बोळांतूनच जाई. ती आली कीं मुलांनीं तिकडे पाहावयाचें नाहीं, असा आजीचा दंडक होता. ती गेल्यावर आजी दगडांवर पाणी ओती. दिवाळीस तिला वरून फराळ टाकला जाई. दहा-बारा वर्षें ती आमच्या घरीं रोज आली, आणि आम्हीं तिचा चेहरा पाहिला नाहीं. तिचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें चौतीस वर्षें आम्हीं वर्गांत 'शौच' हा शब्द शिकविला. पतंजलीच्या पांच नियमांत तो पहिला, हें फळ्यावर लिहून दिलें. १९३२ सालीं तुरुंगांत सफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून आप्पासाहेब पटवर्धनांनीं उपोषण केलें व त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधींनींही अन्न सोडलें, हा प्रसंग आम्हीं दरवर्षीं गहिंवरून सांगत असूं. मैला वाहून नेण्याची चाल १९९३ च्या व पुन्हां २०१३ च्या कायद्यानें बंद झाली. तरी गटारांत उतरून माणसें मरतात हें वर्तमानपत्रांत वाचून हळहळलोंही. परंतु हळहळण्यास हातमोजे लागत नाहींत.

आम्हीं नळी उलटी धरली होती. शेजारच्या जागेंत सत्तरीच्या एक अमेरिकन बाई खुर्चींत बसून कॉफी घेत होत्या; त्या एकट्याच प्रवास करीत होत्या. त्या उठल्या, आपले हातमोजे चढविले, नळीचें तोंड फिरवून खट् असें बसवून दाखविलें, खीळ कोठें आहे तें दाखविलें आणि हात धुऊन पुन्हां कॉफीकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना किळस ना उपकार. पोस्टाचा पत्ता सांगावा तसें त्यांनीं तें सांगितलें. सारें काम दहा मिनिटांचें. वास आला; फार नाहीं. आमच्या साठ वर्षांच्या भयास मानानें तो अगदींच थोडा होता.

आम्हीं जरा ऐटींतच आंत आलों. एखादें मोठें व्रत पार पाडल्याचा भाव मुद्रेवर असावा. सौभाग्यवती म्हणाल्या, "आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावूं नका." आणि मग थोडें थांबून, तशाच शांतपणें : "गांवांतली ती बाई यायची बंद झाली आणि घरांत फ्लश आला, तेव्हांपासून आपला संडास कोण धूत आलें आहे, तें कधीं मनांत आलें होतें का?"

वाचकहो, आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मनांत आलें नव्हतें. तें काम परसांतून उठून घरांत आलें व मुकाट्यानें एका व्यक्तीच्या अंगावर पडलें, आणि आम्हीं तिकडेही न पाहण्याचा आजीचा दंडक पाळीत राहिलों, एवढेंच सत्य होतें.

दुसऱ्या दिवशीं उद्यान तेंच होतें, परंतु आमची पाहण्याची रीत बदलली. 'ओल्ड फेथफुल' हें प्रसिद्ध कारंजें सुमारें दीड तासाच्या अंतरानें शंभर ते पावणेदोनशें फूट उसळतें. मागील उसळी किती वेळ टिकली यावरून पुढील वेळेचा अंदाज बांधून तो फलकावर लावतात. तें पाहून आम्ही थोड्याच अंतरावरील 'मॉर्निंग ग्लोरी' नांवाच्या कुंडाशीं गेलों. तें एके काळीं त्या नांवाच्या फुलासारखें निळेंभोर होतें. पाहण्यास आलेल्या लोकांनीं हौसेनें त्यांत नाणीं व नाना वस्तू टाकल्या. त्यायोगें उष्ण पाणी येण्याची वाट चोंदली, पाणी निवलें, आणि कमी उष्णतेंत वाढणारे पिंवळे-नारिंगी सूक्ष्म जीव कांठापासून आंत सरकले. १९५० सालीं तें मुद्दाम उसळवून साफ केलें, तेव्हां नाणीं, बाटल्या, डबे, हातरुमाल व मोजे बाहेर आले. निळाई पूर्ण परत आली नाहीं. गाडी पुलावरून जातांना कृष्णेंत पैसा टाकून हात जोडणारे आम्ही तेथें कांहीं वेळ स्तब्ध उभे राहिलों.

मळासारखे दिसणारे हे सूक्ष्म जीव तरी टाकाऊ म्हणावे काय? याच उद्यानांतील उष्ण झऱ्यांत १९६६ सालीं थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञास व त्याच्या विद्यार्थ्यास एक जंतु सांपडला. त्यापासून मिळणारें, उकळीच्या जवळपासच्या उष्णतेंतही न नासणारें द्रव्य पुढें 'पी. सी. आर.' या परीक्षेचा आधार झालें. करोनाच्या सांथींत आपणां सर्वांच्या नाकांत काडी घालून जी परीक्षा झाली, तिचें मूळ या शेवाळासारख्या चिकट थरांत आहे.

अस्वलांची कथा याहून बोधप्रद आहे. पूर्वीं येथील उपाहारगृहें आपला कचरा रानांत ओतीत. अस्वलें तो खाण्यास येत, आणि ती मौज पाहण्यासाठीं सरकारनेंच बाकें मांडलीं होतीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाकें गेलीं. कचऱ्याचे शेवटचे ढीग १९७० मध्यें बंद झाले. परंतु उष्ट्याची चटक लागलेलीं अस्वलें तंबूंपाशीं येऊं लागलीं व त्यांपैकीं पुष्कळ मारावीं लागलीं. १९७५ सालीं तेथील ग्रिझली अस्वलाचें नांव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घालावें लागलें. आज कचरापेटीचें झांकण अस्वलास उघडतां येऊं नये असें केलेलें असतें, खाण्याचा एक कण बाहेर ठेवण्यास मनाई आहे, आणि त्या सबंध प्रदेशांत हीं अस्वलें एक हजाराच्या आसपास झालीं आहेत. आम्हांस एक दिसलें. नियमाप्रमाणें शंभर यार्डांहून बरेंच दूर, दोन पिलांसह, मुळें उकरीत.

मात्र या उद्यानांची स्तुति करतांना एक गोष्ट लपवूं नये. ज्या भूमीवर शोशोनी, ब्लॅकफीट इत्यादि मूळच्या लोकांचा वावर होता, तेथूनच त्यांस दूर सारून हें 'निर्मनुष्य रान' सिद्ध झालें. ज्यांस नजरेआड करावयाचें त्यांच्यासाठीं परसदार केवळ वाड्यासच असतें असें नाहीं.

वकील दोन दिवस आमच्याशीं कामापुरतें बोलले. रथ उत्तरेस मोंटानांत शिरला. सुमारें चारशें मैलांची मजल करून आम्ही ग्लेशियर उद्यानाच्या पश्चिम दाराबाहेर उतरलों. १९३३ सालीं खुला झालेला तेथील 'गोइंग-टु-द-सन' हा रस्ता कड्याच्या पोटांतून कोरून नेलेला असल्यामुळें एकवीस फुटांहून लांब वाहनास घाटांत प्रवेश नाहीं. म्हणून गृहरथ खालीं ठेवून आम्ही उद्यानाच्या बसनें ६,६४६ फुटांवरील लोगन खिंडींत गेलों. ही खिंड खंडाच्या पाणलोटाच्या कण्यावर आहे. एका उताराचें पाणी पश्चिमेस पॅसिफिक महासागराकडे जातें, दुसऱ्याचें पूर्वेकडील खोऱ्यांत उतरतें. महाबळेश्वरीं सावित्री पश्चिमेस व कृष्णा पूर्वेस जाते, तशीच ही व्यवस्था. डोंगरावर जें सोडाल तें कोणाच्या ना कोणाच्या दारीं पोहोंचणार, हें अशा जागीं उभें राहिलें म्हणजे शिकवावें लागत नाहीं.

खिंडींतून वर पाहिलें तों बर्फ थोडें व खडक फार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रदेशांत सुमारें दीडशें हिमनद्या होत्या असा अंदाज आहे. २०१५ च्या मोजणींत नांव असलेल्या हिमनद्यांपैकीं सव्वीसच त्या संज्ञेस पात्र उरल्या. इंजिनियरांनीं बसमध्येंच हिशेब मांडला. आमचा रथ एका गॅलनास सुमारें नऊ मैल चालला. सर्व प्रवास दीड हजार मैलांचा. म्हणजे सहाशेंहून अधिक लिटर पेट्रोल, आणि त्याच्या धुरांतून सुमारें दीड टन कर्बवायु. विमानाचा हिशेब त्यांनीं केला नाहीं. आम्हीं विचारला नाहीं. ज्या हिमनद्या पाहण्यास आलों, त्यांच्याकडेच जातांना आमचें परसदार उघडें होतें. या टाकीस भिंतीवर दिवा नसतो, इतकेंच.

त्या सायंकाळीं काळी टाकी पुन्हां भरली होती. इंजिनियरांची कंबर आतां बरी होती, आम्हीही तयार होतों. परंतु हातमोजे जागेवर नव्हते. बाहेर जाऊन पाहतों तों वकील नळी जोडीत होते. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलों. खीळ ओढून झाल्यावर त्यांनीं आमच्याकडे न पाहतां सांगितलें :

"शेवटचे चार महिने तिचें सगळें नर्सनें केलें. ती आंत गेली कीं मी दाराबाहेर उभा राहायचों. एकदां तरी आंत जावें, असें तिच्या डोळ्यांत दिसे. मला झालें नाहीं, रे."

आम्हीं कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. त्यांनीं दुसरी खीळ ओढली, नळी धुतली, गुंडाळून ठेवली. मग वासाविषयीं, गाडीच्या बांधणीविषयीं व इंजिनियरांच्या एकंदर बुद्धीविषयीं त्यांनीं इतकी खडखडीत तक्रार केली कीं तीन वर्षांपूर्वींचे वकील परत आले असें आम्हांस वाटलें. परतीच्या मार्गावर तें काम त्यांनीं दुसऱ्या कोणास करूं दिलें नाहीं.

आतां आम्ही घरीं आहों. सांगण्यासारखा बदल थोडाच झाला. दर रविवारीं सकाळीं संडास धुणें आमच्याकडे आलें आहे. पहिल्या दिवशीं सौभाग्यवतींनीं तें पुन्हां धुतलें. आतां धूत नाहींत. कचरा ओला व सुका निराळा करून घंटागाडीपर्यंत आम्ही स्वतः नेतों, आणि गाडीवरील बाईंस त्यांच्या नांवानें हांक मारतों.

मध्यंतरीं गांवीं जाणें झालें. वाडा पडला आहे. बोळ तेवढा शिल्लक आहे. टोपली नेणाऱ्या त्या बाईंचें नांव काय, असें आम्हीं आळींतील दोघां-तिघां वृद्धांस विचारलें. बाई येत असे, हें सर्वांस आठवतें. नांव कोणासच सांगतां आलें नाहीं.